रंग उडण्यापूर्वीचा प्रवाळ

अमेरिकेच्या महासागर व वातावरणविषयक प्रशासनाने, म्हणजे ‘नोआ’ या संस्थेने, १५ एप्रिल २०२४ रोजी एक निवेदन प्रसिद्ध केले. जगभरच्या समुद्रांत प्रवाळांचे चौथे जागतिक विरंजन सुरू झाले आहे, असे त्यात म्हटले होते. वर्षभराने आणखी एक आकडा जाहीर झाला. जानेवारी २०२३ पासून मार्च २०२५ अखेरपर्यंत जगातील ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडविण्याइतकी उष्णता सोसावी लागली होती. आपल्याकडील वृत्तपत्रांत या बातम्या आल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या प्रवाळांची छायाचित्रे आली आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीचे विषय पुन्हा सुरू झाले. त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. तथापि या छायाचित्रांमुळे वाचकाच्या मनात एक गैरसमज दृढ होतो. तो असा की, प्रवाळाचा रंग ज्या दिवशी उडाला त्या दिवशी त्याचे दुखणे सुरू झाले. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. रंग उडतो तेव्हा दुखण्याचा बराचसा प्रवास होऊन गेलेला असतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत प्रवाळांच्या जीवरसायनशास्त्राने हळूहळू जे उलगडले त्याचा मथितार्थ हाच आहे. आणि तो मान्य केला तर प्रवाळरक्षणाच्या आपल्या आजच्या रीतीत मूलभूत बदल करावा लागेल.

मराठी माणसाला प्रवाळ ठाऊक आहे तो पोवळे म्हणून. सराफाकडील अंगठीतले तांबडे पोवळे आणि वैद्याच्या पुडीतील प्रवाळभस्म यांच्यापलीकडे हा शब्द आपल्या व्यवहारात फारसा येत नाही. परंतु दागिन्यातील तांबडे पोवळे हे अंधाऱ्या, खोल पाण्यात वाढणाऱ्या निराळ्या जातीच्या प्राण्याचे असते. येथे विषय आहे तो उष्ण कटिबंधातील उथळ, उजेडाच्या समुद्रात खडकांच्या रांगा उभ्या करणाऱ्या प्रवाळांचा. त्यांचा एकेक जीव, ज्याला पॉलिप म्हणतात, तो म्हणजे तोंडाभोवती लहान बाहूंचे कडे असलेली एक मऊ पिशवी. ती आपल्या तळाशी चुन्याचा थर घालीत राहते आणि असे असंख्य जीव शेजारी शेजारी वाढून प्रवाळाची वसाहत बनते. या प्राण्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म, सोनेरी-तपकिरी शैवाले राहतात. त्यांना झूझँथेली म्हणतात. प्रवाळाच्या एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागामागे ती दहा लाखांच्या घरात असतात. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग मुख्यतः या शैवालांचा. ती निघून गेली की प्राण्याच्या पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. विरंजन म्हणतात ते हेच. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही. पण शैवाले वेळेत परतली नाहीत तर तो उपासमारीने मरतो.

एक प्राणी आणि एक शैवाल यांनी हा संसार का मांडला, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाला सहजासहजी सापडले नाही. चार्ल्स डार्विनने प्रवाळभिंतींच्या रचनेवरील आपला ग्रंथ १८४२ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हापासून एक कोडे अभ्यासकांसमोर होते. प्रवाळ जेथे फोफावतात ते पाणी नितळ निळे असते. आणि समुद्राच्या बाबतीत नितळपणा म्हणजे दारिद्र्य. पाण्यात नत्र नाही, स्फुरद नाही, म्हणून तरंगते जीव नाहीत आणि म्हणूनच ते पाणी पारदर्शक. अशा दरिद्री पाण्यात समुद्रतळाचा एक टक्काही भाग न व्यापणाऱ्या या वस्त्यांत सागरी जीवजातींपैकी सुमारे चतुर्थांश जातींना आसरा मिळतो. वाळवंटात बाजारपेठ वसावी तसा हा प्रकार. तिला लागणारा माल येतो कोठून?

या प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेण्यासाठी १९२८ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील लो आइल्स या चिमुकल्या बेटांवर जाऊन राहिली. सुमारे वर्षभर त्यांनी तेथे प्रयोग केले. प्रवाळांना अंधारात कोंडून ठेवले, त्यांची शैवाले निघून जाऊ दिली, आणि प्राणिज खाद्य मिळत राहिले तर शैवालांवाचूनही प्रवाळ जगतात असे पाहिले. त्यावरून याँग यांनी निष्कर्ष काढला की प्रवाळ हा मांसाहारी प्राणी आहे, शैवाले त्याचे अन्न नव्हेत. ती फार तर त्याच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये उचलण्याचे काम करतात. निरीक्षण खरे होते, पण निष्कर्ष अपुरा होता. उपाशी न ठेवलेला प्राणी शैवालांवाचून जगतो, एवढेच त्यातून सिद्ध होत होते. नित्याच्या दरिद्री पाण्यात तो कशावर जगतो, हे त्यातून कळत नव्हते. बाहेरून पाहून या भागीदारीचा जमाखर्च समजणार नव्हता. त्यासाठी पेशीच्या आत जाणारी साधने हवी होती.

ती साधने येण्यापूर्वीही एक महत्त्वाचे पाऊल पडले. प्रशांत महासागरातील पलाऊ येथे जपानने १९३० नंतरच्या दशकात एक छोटेखानी जीवशास्त्रीय केंद्र चालविले होते. तेथे काम केलेल्या सिरो कावागुटी यांनी ही शैवाले प्रवाळाबाहेर वाढवून पाहिली आणि ती डायनोफ्लॅजेलेट या गटातील आहेत हे १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात, प्रसिद्ध केले. युद्ध संपल्यावर किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचा माग काढण्याची पद्धत प्रयोगशाळांच्या हाती आली. जमैकात टॉमस गोरो यांनी किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून दाखविले की शैवाले असलेला प्रवाळ उजेडात चुन्याचा थर अंधारातल्यापेक्षा कित्येक पट वेगाने घालतो. त्यांचे हे काम १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५८ मध्ये, कॅलिफोर्नियात लेनर्ड मस्कटाइन आणि कॅडेट हँड यांनी प्रवाळाच्या नात्यातील समुद्रफुलावर, म्हणजे सी ॲनिमोनीवर, प्रयोग केला. शैवालांनी प्रकाशात शोषलेला किरणोत्सर्गी कार्बन पुढे प्राण्याच्या ऊतींत सापडला. शैवाले प्राण्याला अन्न देतात याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होता. १९६९ मध्ये मस्कटाइन यांनी एल्सा सेर्निचियारी यांच्यासह तेच खऱ्या प्रवाळाच्या बाबतीत दाखविले. पुढे हिशेब अधिक बारकाईने झाले तेव्हा असे दिसले की चांगल्या उजेडात काही प्रवाळांची शैवाले आपल्या कमाईचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग यजमानाला देऊन टाकतात.

या कथेतील एक उपकथा विशेष बोलकी आहे. मस्कटाइन यांनी प्रवाळातून शैवाले वेगळी काढली, त्यांत यजमान प्राण्याच्या ऊतींचा अर्क मिसळला, तेव्हा शैवालांतून ग्लिसरॉल हे द्रव्य मोठ्या प्रमाणावर पाझरू लागले. त्यावरून प्रवाळाला शैवालांकडून मिळते ते मुख्यतः ग्लिसरॉल, असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु काचेच्या नळीत घडते तेच जिवंत पेशीत घडते असे नाही. अखंड, जिवंत प्राण्यावर अधिक सूक्ष्म पद्धतींनी प्रयोग झाले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून असे दिसले की हस्तांतरित होणारे मुख्य द्रव्य ग्लुकोज, म्हणजे साधी द्राक्षशर्करा, आहे. एका रेणूचे नाव दुरुस्त होण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. विज्ञानाची खिल्ली उडविणाऱ्याला हे उदाहरण सोयीचे वाटेल. पण खरे तर विज्ञानाचा पैसा कोठे आणि किती काळ लावावा लागतो याचा हा धडा आहे. तीन वर्षांच्या योजनेत आणि अखेरच्या तिमाहीत खर्ची घालावयाच्या अनुदानात असली दुरुस्ती कधी बसली नसती.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शैवाल आपली कमाई यजमानाला देऊन टाकते, ते कशामुळे? आपल्या पाठ्यपुस्तकांत सहजीवनाचे वर्णन बहुधा मैत्रीच्या भाषेत केलेले असते. एकमेकां साहाय्य करणारे दोन जीव, असे शिक्षक सांगतात आणि विद्यार्थी लिहितात. स्वयंपाकघरातील मसाल्यात पडणारे दगडफूल हे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन, हे उदाहरण तर प्रत्येकाला पाठ असते. परंतु प्रवाळाच्या बाबतीत रसायनशास्त्राने जे दाखविले ते मैत्रीपेक्षा कराराच्या जवळचे आहे, आणि त्या कराराचा आधार आहे टंचाई. शैवालाला वाढावयाचे, विभागावयाचे तर प्रथिने हवीत आणि प्रथिनांसाठी नत्र हवे. यजमान प्राणी नत्र हातचे राखून देतो. स्वतःच्या शरीरातील अमोनियम तो स्वतःही पुन्हा वापरतो आणि शैवालाला बेताचेच मिळू देतो. सूर्यप्रकाश मुबलक आणि नत्र तुटपुंजे, अशा स्थितीत शैवाल शर्करा तर भरपूर बनविते, पण तिचा उपयोग स्वतःच्या वाढीसाठी करू शकत नाही. उरलेली शर्करा यजमानाकडे जाते. शैवालाचे औदार्य हे त्याच्या अडचणीचे फळ आहे.

यजमानाचा हात दुसऱ्या बाजूनेही दिसतो. पेशीच्या आत प्रत्येक शैवाल एका पातळ पडद्याच्या पिशवीत असते. यजमान त्या पिशवीत सतत आम्ल सोडीत राहतो आणि त्यायोगे शैवालाला प्रकाशसंश्लेषणासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड तेथे एकवटला जातो, असे २०१५ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे कार्बन भरपूर द्यावयाचा, नत्र मोजून द्यावयाचे आणि बदल्यात शर्करा घ्यावयाची, असा हा व्यवहार. कोट्यवधी वर्षे तो नितळ, दरिद्री पाण्यात बिनबोभाट चालत आला आहे. प्रवाळ दरिद्री पाण्यात वाढतात हे कोडे नव्हतेच. ते दारिद्र्यच या भागीदारीचे भांडवल होते.

आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळ्या रूपात ठाऊक आहे. भुईमुगाच्या किंवा तुरीच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांतील जीवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. या पिकांना युरियाची मात्रा वाजवीपेक्षा अधिक दिली तर मुळांवर गाठी कमी धरतात, कारण पिकाला त्या भागीदाराची गरज उरत नाही. प्रवाळातील यंत्रणा निराळी आहे आणि देणाराही निराळा आहे. तरी एक समान तत्त्व दोन्हीकडे लागू पडते. टंचाईवर उभी असलेली भागीदारी सुबत्तेने मोडू शकते.

उष्णता या व्यवहारात नेमके काय बिघडवते? पाण्याचे तापमान त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा केवळ एक अंश सेल्सिअसने वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले तर विरंजनाचा धोका सुरू होतो. शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा उष्णता आणि प्रखर प्रकाश यांच्या संयुक्त माऱ्याखाली बिघडते, ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार होतात, ती यजमानाच्या पेशीलाही इजा करतात आणि अखेर भागीदार एकमेकांपासून सुटतात, अशी उपपत्ती दीर्घकाळ मांडली गेली आहे आणि तिला भरपूर आधार आहे. परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या घटनाक्रमात आणखी एक पायरी दाखवून दिली. तांबड्या समुद्रातील एका प्रवाळावर तो अभ्यास झाला. तापमान वाढल्यावर यजमान प्राण्याची ऊर्जेची गरज वाढली. ती भागविण्यासाठी तो स्वतःची ॲमिनो अम्ले जाळू लागला. त्यातून अमोनियम सुटले. शैवालाला आजवर न मिळालेले नत्र हाती आले आणि ते आपली शर्करा स्वतःच्या वाढीसाठी ठेवू लागले. यजमानाची आवक घटली, म्हणून त्याने स्वतःला आणखी जाळले. या सर्व काळात प्रवाळाचा रंग कायम होता आणि शैवालेही जागेवर होती. वरून पाहणाऱ्याला तो निरोगी दिसला असता. आत मात्र तो उपाशी पडला होता.

याचा अर्थ स्पष्ट आहे. एखाद्या पेढीचे दार उघडे आहे, पाटी झळकते आहे, गुमास्ते जागेवर आहेत, एवढ्यावरून ती सुस्थितीत आहे असे कोणी हिशेबनीस म्हणणार नाही. तो वह्या मागेल. प्रवाळांच्या बाबतीत आपण अजून पाटी पाहूनच समाधान मानतो.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप ही प्रवाळांची प्रमुख क्षेत्रे. त्यांपैकी लक्षद्वीपचा प्रश्न केवळ निसर्गप्रेमाचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे ६४ हजारांवर लोक राहतात. त्यांच्या पायाखालची भूमी हीच मुळी प्रवाळांची वाळू आहे. लाटांचा मारा अडविते ती प्रवाळांची भिंत. कुपा, म्हणजे ट्युना, गळाने धरण्यासाठी जे जिवंत छोटे मासे आमिष म्हणून लागतात तेही प्रवाळांनी वेढलेल्या उथळ पाण्यातून येतात. या बेटांना १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये विरंजनाचे मोठे तडाखे बसले. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या म्हैसूरच्या संस्थेच्या अभ्यासकांनी चोवीस वर्षे चिकाटीने केलेल्या पाहणीत १९९८ ते २०२२ या काळात तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे निम्म्यावर आल्याचे आढळले. २०२४ मध्ये पुन्हा विरंजन झाले. प्रत्येक तडाख्यानंतर सावरण्यास जो अवधी लागतो तो आता मिळेनासा झाला आहे.

महाराष्ट्राचाही या विषयाशी संबंध नाही असे नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. तेथील प्रवाळ पाहण्यासाठी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आज पर्यटकांची रीघ लागते. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर भर समुद्रात बुडालेले पठार आहे, ते कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणून ओळखले जाते आणि त्यावरही प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या बांधकामात हाजीअली आणि वरळी येथील प्रवाळांच्या अठरा वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा आपल्या शहराच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत हे पुष्कळ मुंबईकरांना प्रथमच कळले.

प्रवाळांविषयी आपल्या देशाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंडपम येथे अनेक दशकांपासून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधनाचे काम सुरू आहे. सी. एस. गोपिनाध पिल्लै यांच्यासारख्या संशोधकाने भारतीय प्रवाळांच्या वर्गीकरणाचा पाया घातला. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी आणि सिमेंटसाठी प्रवाळ खणून काढले जात होते. २००१ मध्ये प्रवाळांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात समावेश झाला आणि त्या उपशाला कायद्याने बंदी आली. अलीकडे कच्छच्या आखातात आणि अन्यत्र प्रवाळांचे पुनर्रोपण करण्याचे प्रयोग चालू आहेत. हे सर्व स्वागतार्हच आहे. तथापि मोजणी, मनाई आणि पुनर्रोपण ही तिन्ही कामे प्रवाळाला वस्तू समजून करता येतात. प्रवाळ हा चालता व्यवहार आहे, ही जाणीव त्यांत आपोआप येत नाही. ज्या पाण्यात शैवालाचा आणि प्राण्याचा करार टिकत नाही त्या पाण्यात नेऊन लावलेले प्रवाळाचे रोप किती काळ जगेल? लावलेल्या रोपांची संख्या आणि पहिल्या काही महिन्यांत जगलेल्यांची टक्केवारी एवढ्यावर अशा प्रकल्पांचे यश मोजणे म्हणजे वृक्षारोपण सप्ताहात खड्डे मोजण्यासारखे आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. विरंजनाचे मूळ कारण समुद्राची उष्णता आहे. उष्णतेचे कारण कोळसा आणि तेल यांचे ज्वलन. तेव्हा ज्वलन कमी करावे, रेणूंचा हिशेब मांडीत बसून काय साधणार, असा हा आक्षेप. त्यातील पहिला भाग निर्विवाद आहे. समुद्र असाच तापत राहिला तर कोणतेही जीवरसायनशास्त्र प्रवाळांना तारू शकणार नाही, आणि तसे आश्वासन कोणी देत असेल तर ते खोटे आहे. परंतु त्यावरून दुसरा भाग सिद्ध होत नाही. उलट या रसायनशास्त्रानेच आपल्या हातात असलेली एक गोष्ट दाखवून दिली आहे, आणि ती म्हणजे नत्र. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखविले की पाण्यात नत्र वाढले आणि त्या प्रमाणात स्फुरद वाढले नाही, तर शैवाले स्फुरदाअभावी दुबळी होतात आणि उष्णतेच्या व प्रकाशाच्या माऱ्याला लवकर बळी पडतात. सांडपाण्यातून, खतांच्या निचऱ्यातून, हॉटेलांच्या आणि वसतिगृहांच्या शोषखड्ड्यांतून समुद्रात जाणारे नत्र प्रवाळाच्या कराराची मूळ अट बदलून टाकते. जागतिक तापमान मालवणच्या नगरपालिकेच्या किंवा कवरत्तीच्या प्रशासनाच्या हाती नाही. सांडपाणी मात्र त्यांच्या हाती आहे. उष्णतेचा तडाखा बसणारच असेल तर निदान आधीच उपासमारीला टेकलेला प्रवाळ आपण त्याच्या पुढे करू नये, एवढे तरी करता येण्याजोगे आहे.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी की प्रवाळक्षेत्रांच्या काठावर, विशेषतः लक्षद्वीपमध्ये आणि आपल्याकडे मालवणला, बारमाही चालणारी छोटी प्रयोगशाळा असावी. मोहीम काढून दोन आठवडे जाणारी आणि अहवाल लिहून परतणारी नव्हे. तेथे दर आठवड्याला पाण्यातील अमोनियम, नायट्रेट आणि स्फुरद मोजले जावे, ठरावीक प्रवाळांतील शैवालांची दाटी आणि ऊतींतील साठा तपासला जावा, आणि ते आकडे सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत. पलाऊचे ते जपानी केंद्र काही भव्य इमारतीत नव्हते. तेथे महत्त्वाचे होते ते माणसांचे प्रवाळांच्या शेजारी राहणे. दुसरी गोष्ट, प्रवाळांचे स्थलांतर किंवा पुनर्रोपण मंजूर करण्यापूर्वी नव्या जागेच्या पाण्याचा निदान एका वर्षाचा असा हिशेब सादर करणे बंधनकारक असावे आणि नंतरचा पाठपुरावा महिन्यांचा नव्हे तर वर्षांचा असावा. तिसरी गोष्ट, किनाऱ्यावरील गावांच्या सांडपाणी-शुद्धीकरणाचा खर्च हा प्रवाळरक्षणाचाच खर्च मानला जावा. पर्यटकांना प्रवाळ दाखवून मिळणाऱ्या उत्पन्नातून तो काही अंशी भागविणे मुळीच अवघड नाही.

असल्या संशोधनाचा खर्च आपल्यासारख्या देशाला परवडतो काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर असे की वर सांगितलेल्या कामापैकी फार थोडे महागड्या यंत्रांवर अवलंबून आहे. पाण्यातील नत्र मोजणे हा महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील प्रयोग आहे. जे महाग आहे ते सातत्य. कारण त्यासाठी कायम नेमणुका लागतात, बदल्यांपासून संरक्षण लागते आणि दहा वर्षे काहीही ठळक न सापडण्याची तयारी लागते. याँग चुकले, मस्कटाइन यांचे ग्लिसरॉल मागे पडले. तरी त्यांच्या कामावाचून पुढचे काम झाले नसते. तात्काळ उपयोगाची हमी मागणाऱ्या व्यवस्थेने शैवालाच्या शर्करेवर १९५८ मध्ये एक पैसाही खर्च केला नसता. आणि मग १९८२-८३ च्या एल निनोत पनामाच्या किनाऱ्यावर प्रवाळ पांढरे पडून मरू लागले, तेव्हा काय घडते आहे हे समजण्याची भाषाच कोणाजवळ नसती.

विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना या विषयात आणखी एक निमंत्रण आहे. जीवरसायनशास्त्र घेऊन पदवीधर होणारे आपले तरुण बहुधा औषधाच्या कारखान्यात किंवा रोगनिदान प्रयोगशाळेत जातात. त्यात गैर काही नाही. पण महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून लांब किनारा आहे, आणि त्या किनाऱ्यावरील जीवांच्या शरीरात काय चालते याचा अभ्यास करावयाचा असतो हे आपल्या वर्गांत फारसे सांगितले जात नाही. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी प्रवाळाचे चित्र काढतो, वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी शैवालाचे, आणि रसायनशास्त्राचा विद्यार्थी ग्लुकोजचे सूत्र लिहितो. ही तिन्ही चित्रे एकाच पेशीतील आहेत, हे तिघांनाही कोणी सांगत नाही. निदान सहजीवनाचा पाठ शिकविताना मैत्रीच्या जोडीला हिशेबाचाही उल्लेख शिक्षकांनी करावा. सृष्टीतील सहकार्य अटींवर उभे असते आणि त्या अटी बाहेरून मोडता येतात, ही गोष्ट कळण्याइतकी आपली मुले निश्चितच मोठी असतात.

पुढचा एल निनो येईल तेव्हा पुन्हा पांढऱ्या प्रवाळांची छायाचित्रे छापली जातील. त्या वेळी ती पाहून हळहळण्यापेक्षा, त्यापूर्वीच्या महिन्यांत लक्षद्वीपच्या पाण्यात नत्र किती होते आणि तेथील प्रवाळांच्या अंगात साठा किती उरला होता, हे सांगणारी एखादी वही आपल्या देशात असावी. ती आज सुरू केली तरच तेव्हा उपयोगी पडेल.